वहीतला तासांचा रकाना

फेब्रुवारी २०२३ संपता संपता यांचा कारखाना बंद पडला. भोसरी एमआयडीसीतला छोटासा कारखाना, मोठ्या गाडी कंपनीला सुटे भाग करून देणारा. दोन महिन्यांचा पगार थकलेला. 'पुढच्या महिन्यात हिशेब करू' असं मालक म्हणाले, आणि तो पुढचा महिना दिवाळी आली तरी उगवला नव्हता. घरात आम्ही पाच जण: हे, मी, सातवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. माझं घरीच ब्लाऊज शिवण्याचं काम. त्यातून महिन्याला बारा हजारांच्या आसपास सुटायचे. घराचा हप्ता त्याहून जास्त.

पहिले चार दिवस कुणी काही बोललंच नाही. पाचव्या दिवशी मी मोबाईलवरचे सगळे पैसे दिल्याचे मेसेज काढून बसले आणि फेब्रुवारीत पोटावर किती गेले ते वहीत उतरवलं. किराणा ८,२००. भाजी-फळं ३,६००. दूध रोज दोन लिटर, ५६ रुपयांनी, दर महिना तीस दिवसांचा धरून ३,३६०. आणि बाहेरून मागवलेलं, हातगाडीवरचं, बेकरीतलं मिळून ४,२४०. बेरीज १९,४००. मी तीनदा केली. आपण काही उधळे नाही, असं मी चारचौघांत सांगत असे.

दहा हजारांत बसवायचं ठरलं. आकडा कुठून आला म्हणाल, तर हप्ता आणि शाळेची फी भरायची तर पोटावर त्याहून जास्त घालणं परवडत नव्हतं.

पहिला मूर्खपणा ज्वारीचा. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या, ज्वारीच्या कोठारातल्या. त्यांचं म्हणणं, "पोळ्या बंद करा, भाकरी सुरू करा, निम्म्यात भागतंय." मला पटलं. गरिबाची भाकरी म्हणतातच की. मार्केट यार्डात भुसार बाजारात गेलो तर मालदांडी ज्वारी गव्हापेक्षा महाग! चांगला लोकवन गहू तेव्हा चौतीस-पस्तीसला मिळत होता आणि ज्वारी पन्नासच्या पुढे. ते वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, जिकडेतिकडे ज्वारी-बाजरीचे फलक लागलेले. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, आता भाकरी श्रीमंतांची झाली, डॉक्टरनं सांगितल्यावर खातात." सासूबाई गप्पच झाल्या. बाजरी मात्र ज्वारीपेक्षा बरीच स्वस्त होती, पण उन्हाळा तोंडावर. त्यात बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं. शेवटी गहू पन्नास किलो, ज्वारी फक्त दहा किलो आणि बाजरी पाच किलो घेतली.

गव्हातही फार वाचतं असं नाही, हे लिहायलाच हवं. गहू पस्तीस, दळणाचे किलोला सात, म्हणजे बेचाळीस. पिशवीतला आटा त्याहून तीन-चार रुपयेच महाग पडायचा. आमच्या घरात महिन्याला पंधरा किलो पीठ लागतं. वाचले किती? पन्नास-साठ रुपये. त्यासाठी ऊन दाखवा, पाखडा, एरंडेल चोळून डब्यात भरा, गिरणीत पाळी धरा. पीठ चांगलं मिळतं, पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते हे खरं. पण 'धान्य भरून ठेवलं की पैसे वाचतात' हे मी जे ऐकत आले होते ते आमच्या वहीत तरी दिसलं नाही.

वहीत दिसलं ते वेगळंच. बाहेरचं खाणं बंद झालं की ४,२४० मधले चार हजार एका फटक्यात गेले. त्यात काही हुशारी नाही. बाकीचे पैसे तीन भोकांतून गळत होते: तेल, बिस्किटं आणि टाकून दिलेलं अन्न.

तेल महिन्याला पाच लिटर लागायचं. (लिटरची पिशवी वजनात ९१० ग्रॅमच भरते, हेही मला तेव्हा कळलं. किलोच्या भावाशी तुलना करताना तेवढं लक्षात ठेवावं लागतं.) मी पिशवी फोडून थेट कढईत ओतत होते. सासूबाईंनी अडगळीतून जुनी पितळी पळी काढून दिली. पाच माणसांच्या भाजीला एक पळी, आमटीला अर्धी, बास. एप्रिलमध्ये तेल सव्वातीन लिटरवर आलं आणि चव बदलली म्हणून कुणी तक्रार केली नाही. तक्रार आली ती बिस्किटांवरून. धाकटा शाळेतून आला की अर्धा पुडा संपवायचा. त्याऐवजी पातळ पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या, गूळ-शेंगदाणे. तो आठवडाभर डबा उघडून बघायचा आणि परत बंद करायचा. दुसऱ्या आठवड्यात चिवडा तीन दिवसांत संपला.

टाकून दिलेल्या अन्नाची मला सगळ्यात लाज वाटली. एक आठवडा कचऱ्यात काय जातं ते बघितलं. पिवळी पडलेली कोथिंबीर, मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे दांडे, वाटीभर भात, दीड पोळी, फ्रिजमध्ये मागे सरकलेली आमटी. सासूबाई हे सगळं इतकी वर्षं बघत होत्या आणि बोलत नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तुझं घर, तुझी रीत. मी कशाला नाक खुपसू?"

मग त्या बोलायला लागल्या आणि थांबेनात. मुळ्याचा पाला चिरून, डाळ घालून परतायचा. फ्लॉवरचे कोवळे दांडे सोलून आमटीत टाकायचे. दोडक्याच्या शिरा तीळ घालून खरपूस परतल्या की चटणी. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळा भात फोडणीचा, शिळी भाकरी ताकात कुस्करून वर लसणीची फोडणी. मला यातलं सगळं माहीत होतं. माहेरी खाल्लंही होतं. फक्त स्वतःच्या घरात मी ते कधी केलं नव्हतं, कारण शिळं संपवणं म्हणजे काहीतरी कमीपणा असं डोक्यात बसलेलं.

त्यांच्या बोलण्यात १९७२ चा दुष्काळ यायचाच. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला, पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो ज्वारी. "त्या मिलूची भाकरी थापली की चिरा पडायच्या. कोरडी खाल्ली तर घशाखाली उतरायची न्हाई. आमी पाण्यात मीठ-मिरची कालवून बुडवून खायचो. ही काय टंचाई हाय व्हय?" हे ऐकून मुलगी एकदा चिडून म्हणाली, "आजी, बहात्तर सालाशी तुलना केली तर सगळंच चांगलं वाटेल." मला हसू आलं. तिचंही खरं होतं. मैत्रिणींच्या डब्यात पास्ता आणि हिच्या डब्यात आठवड्यातून तिसऱ्यांदा मटकी.

मटकी हा माझा दुसरा मूर्खपणा. कडधान्य स्वस्त, पोट भरतं, प्रोटीन मिळतं, म्हणून मी रोज उसळच करायला लागले. सोमवारी मटकी, मंगळवारी हरभरे, बुधवारी चवळी, गुरुवारी पुन्हा मटकी. आठ दिवसांत यांना ॲसिडिटी, सासूबाईंना गॅस आणि मुलांचा संप. त्यातच एप्रिलच्या उकाड्यात मी मोड आणायला मटकी दिवसभर बांधून ठेवली. गाठ सोडली तर बुळबुळीत झालेली, वास सुटलेला. अर्धा किलो मटकी गेली. उन्हाळ्यात भिजवायला सहा तास, बांधायला रात्र पुरते, आणि फडकं घट्ट पिळून कोरडं हवं. हे शिकायला चाळीस रुपये पडले.

त्यानंतर घडी बसली ती अशी. आठवड्यातून दोनदाच उसळ. दोनदा डाळ आणि पालेभाजी, एकदा पिठलं, एकदा एकाच भांड्यातलं काहीतरी, म्हणजे डाळफळं किंवा शेंगोळे किंवा खिचडी-कढी. रविवारी अंडी नाहीतर सुकट. मटण बंद, चिकन महिन्यातून एकदा. सुकटाचं मात्र नवल वाटतं मला. शंभर ग्रॅम सुकट भाजून, धुऊन, भरपूर कांदा आणि लसूण घालून परतलं की पाच माणसं भाकरीवर हात मारतात. शेजारची दारं धडाधड लागतात ते वेगळं.

शेंगोळ्यांचं नीट सांगते, कारण आमच्या घरात त्यांनी खरी कमाल केली. हुलगे म्हणजे कुळीथ, तेव्हा ऐंशी रुपये किलो होते. जरासे भाजून गिरणीतून दळून आणायचे. पाच माणसांना चारशे ग्रॅम हुलग्याचं पीठ, मूठ-दोन मुठी ज्वारीचं. लसूण, जिरं आणि हिरवी मिरची पाट्यावर वाटून त्यात घालायची (मिक्सरवर होते, पण बारीक पेस्ट नको, दातांखाली लसूण यायला हवी). मीठ, हळद, चमचाभर तेल, आणि पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं. सैल मळलं तर उकळताना सगळं विरघळून पिठलं होतं. माझं पहिल्यांदा झालं, आम्ही पिठलं म्हणून खाल्लं. मग तळहाताला तेल लावून करंगळीएवढ्या वळ्या करायच्या आणि दोन्ही टोकं चिकटवून कडी करायची. पातेल्यात फोडणी, त्यात पाणी, पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक कडी सोडायची. सगळ्या एकदम टाकल्या तर गोळा होतो. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून वरून लावलं की रसाला दाटपणा येतो. वीस मिनिटं शिजू द्यायचं. वर कच्चं तेल, बाजूला फोडलेला कांदा.

खर्च जेमतेम पन्नास रुपये, गॅस धरून साठ म्हणा. पण कमाल खर्चाची नव्हती. कड्या वळायला दोन्ही मुलं बसायची. धाकटा आठ आकडा करायचा, मुलगी स्वतःच्या नावाची अक्षरं. जे स्वतः वळलंय ते खायला नाही म्हणता येत नाही.

गॅसचा प्रश्न वेगळाच निघाला. मार्चमध्ये सिलिंडर पन्नास रुपयांनी वाढून अकराशेच्या पुढे गेला, आणि कडधान्यं शिजवायला लागल्यापासून आमचा सिलिंडर चाळीस दिवसांऐवजी तेहतीस दिवसांत संपला. इकडे वाचवा, तिकडे घालवा. मग कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, त्याच्यावर डब्यात बटाटे किंवा लाल भोपळा, असं एकाच वेळी. दोन शिट्ट्या, गॅस बंद आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत हात लावायचा नाही. पुढचा सिलिंडर परत एकोणचाळीसवर गेला. ऑगस्टच्या शेवटी सरकारने दोनशे रुपयांनी स्वस्त केला तेव्हा सवय लागून गेली होती.

जुलैत टोमॅटो शंभराच्या पुढे गेले आणि वाढतच राहिले. बायका जिन्यात उभ्या राहून त्यावरच बोलायच्या. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या आमटीत टमाटं कवा होतं?" खरंच की. मी दोन महिने चिंचेचा कोळ आणि आमसुलांवर काढले. सप्टेंबरात टोमॅटो उतरले तरी आमटीत ते परत गेले नाहीत.

भाजीसाठी मोशीच्या उपबाजारात आम्ही चौघी बायका वाटून घ्यायला जायचो. एकदा मी एकटीच गेले आणि घासाघीस जमल्याच्या आनंदात कोबीची अख्खी गोणी घेऊन आले. कोबीची भाजी, कोबीचे वडे, कोबीची कोशिंबीर, कोबीचे पराठे. पाचव्या दिवशी धाकट्यानं ताट सरकवलं. उरलेले गड्डे मी मजल्यावर वाटून टाकले. स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं महाग पडतं ते असं.

आता यांच्याविषयी. हे रोज सकाळी कागदपत्रं घेऊन बाहेर पडायचे. चाकण, तळवडे, पिंपरी. डबा नेत नसत. "मुलाखतीला डबा घेऊन कसं जायचं?" म्हणायचे, आणि बाहेर वडापाव खातो सांगायचे. मे महिन्यात पँट धुवायला काढताना खिशात काहीच बिल नाही, पैसेही जवळजवळ तेवढेच. विचारलं तर आधी टाळलं, मग सांगितलं. पिंपरीत एका शिवभोजन केंद्रावर जेवत होते. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण, भात. दहा रुपये. २६ जानेवारी २०२० ला ही थाळी सुरू झाली तेव्हा टीव्हीवर बघून आम्हीच म्हणालो होतो, बरं केलं, गरिबांची सोय झाली. "जेवण चांगलं असतं गं," हे म्हणाले. "फक्त तिथं नाव लिहून घेतात आणि फोटो काढतात. पहिल्या दिवशी मी रांगेतून परत फिरलो होतो."

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा दिला. यांनी तो नेला.

आणि इथेच वहीतला नवा रकाना सुरू झाला. मे महिन्याचा हिशेब लागला तो असा: किराणा ५,४००, भाजी २,०००, दूध दीड लिटरनं २,५२०, अंडी २६०, बाहेरचं ३००. एकूण १०,४८०. जवळजवळ नऊ हजारांची बचत. मी आनंदानं सगळ्यांना वाचून दाखवलं. मग शिवणाची वही उघडली. फेब्रुवारीत साडेबारा हजारांचं शिवण. मेमध्ये, ऐन लग्नसराईत, आठ हजार तीनशे. गिऱ्हाईक कमी नव्हतं, चार जणींना मीच 'जमणार नाही' म्हटलं होतं. कारण आधी स्वयंपाकघरात माझे दोन-अडीच तास जायचे, आता साडेचार. निवडणं, भिजवणं, वाटणं, बाजार, दळण, कोथिंबिरीच्या काड्यांची काळजी. नऊ हजार वाचवले आणि चार हजार घालवले, आणि ते घालवलेले चार कुणाच्या हिशेबात नव्हते. शाबासकी मात्र नवाची मिळत होती.

त्या रात्री मी वहीत 'तास' असा रकाना आखला आणि यांच्यासमोर ठेवला. हे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "दळण आणि बाजार माझ्याकडे दे. भिजवायचं पण मी बघतो, नुसतं काय भिजवायचं ते सांग." सासूबाईंनी भाजी निवडायला घेतली. त्यांना दिसत कमी होतं, म्हणून मेथीत दोनदा काड्या आल्या आणि एकदा एक अळी. अळीचं मी कुणाला सांगितलं नाही. भाकरी मात्र यांना जमली नाही. पाण्याचा हात फिरवायला जायचे आणि भाकरीचा नकाशा व्हायचा. पोळ्या मात्र बऱ्या जमायच्या, जाड असायच्या एवढंच.

जूनमध्ये माझे तास तीनवर आले. शिवण अकरा हजारांवर. खर्च दोनशेनं वाढला, कारण हे बाजारात गेले की लिंबू-मिरची-कोथिंबिरीवर घासाघीस करत नाहीत, त्यांना लाज वाटते.

नोव्हेंबरात यांना चाकणला काम लागलं, आधीपेक्षा साडेचार हजार कमी पगारावर. पहिली पाळी, सकाळी सहाला बस. आता दळण रविवारी होतं. भिजवणं अजून त्यांच्याकडेच आहे. रात्री नऊच्या बातम्या संपल्या की हाक येते, "अगं, उद्या काय?" मी शिलाई मशीनवरूनच सांगते. बाहेरचं खाणं महिन्यातून एकदा परत सुरू झालंय आणि दूध दोन लिटरवर गेलंय, मुलं वाढीची आहेत.

एक गोष्ट मात्र मी माझ्या मनानं केली. लग्नसराईचे दोन-अडीच महिने मी पोळ्या करतच नाही. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणते, आठ रुपयाला एक. संध्याकाळच्या बारा पोळ्यांचे शहाण्णव रुपये होतात. घरी केल्या तर पंचवीस-तीसात होतील, मला माहीत आहे. पण त्या तासाभरात अर्धा ब्लाऊज होतो आणि अस्तराच्या ब्लाऊजला मी अडीचशे घेते. सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही. बाहेरची पोळी म्हटलं की त्या नाक मुरडतात, "रबर हाय नुसतं" म्हणतात, आणि फडक्यातली सगळ्यात गरम पोळी आधी स्वतःच्या ताटात घेतात.